माझं बोट कुठं होतं

मित्रांनो, मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. मूळचा पांढरा, आता जुन्या दातासारखा पिवळा. माझ्या अंगावर एक फिरवायची चकती आहे आणि एक लाल दिवा. चकतीवरचे निम्मे आकडे पुसले गेले आहेत. उजव्या कोपऱ्याला तडा आहे, तो कसा गेला हे मलाही नीट आठवत नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे. तापणाऱ्या वस्तूवर पहारा ठेवायचा. ती फार तापली की तिची वीज तोडायची, गार पडली की जोडायची. तोडताना आणि जोडताना मी 'टक्' असा आवाज करतो. माझ्या पोटातून एक लांब काळी वायर निघते आणि तिच्या टोकाला करंगळीच्या पेराएवढा धातूचा तुकडा आहे. ते माझं बोट. ऊब-गारठ्याचं म्हणाल तर त्या बोटाला जेवढं लागतं तेवढंच मला कळतं. शेजारी आग लागली आणि बोट मात्र गारठ्यात असलं, तर माझ्या लेखी सगळं जग गारठलेलं. हे एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं.

स्वभावानं मी संशयी. कारखान्यात ज्या मुलीनं मला तपासलं तिनं माझं बोट आधी बर्फाच्या पाण्यात बुडवलं, मग कोमट पाण्यात, आणि दोन्ही वेळा तिनं माझ्याकडं न बघता स्वतःच्या थर्मामीटरकडं बघितलं. तेव्हा मला अपमान वाटला होता. जगात आलो तो असा, कुणी शब्दावर विश्वास न ठेवता.

माझी पहिली पाच वर्षं न्ताते माफिसा यांच्या कोंबड्यांच्या पिल्लांत गेली. न्ताते म्हणजे आमच्या डोंगराकडं वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात ते. लाकडी खोकं, वर तापणारा दिवा, खाली शंभर पिल्लं आणि त्यांच्यामध्ये लोंबणारं माझं बोट. हिवाळ्यात मालुती डोंगराच्या रांगांवरून बर्फाचा वारा उतरायचा, पण एक पिल्लू गारठलं नाही की भाजलं नाही. न्ताते आल्यागेल्याला मला दाखवायचे. "हा आहे ना, माझ्या बायकोपेक्षा जास्त लक्ष ठेवतो. कधी चुकला नाही." बायको आतून म्हणायची, "मग जेवायलाही त्यालाच वाढायला सांगा."

मी फुगलो. कौतुक कुणाला आवडत नाही? पुढं न्तातेंचे गुडघे गेले, कोंबड्या विकल्या गेल्या आणि त्यांनी मला ओळखीतल्या पाकिसोला देऊन टाकलं. देताना तेच म्हणाले, "कधी चुकत नाही." ते वाक्य माझ्याबरोबर त्या घरी गेलं. ते गेलं नसतं तर बरं झालं असतं.

पाकिसो सव्वीस वर्षांचा, वायरमन. फुथादिचाबा गावात टेकडीच्या अंगाला त्याचं घर. घरात त्याची आई मोसीदी आणि आत्या दिपुओ. बाप जाऊन सहा वर्षं झाली होती. मोसीदी शाळेचे गणवेश शिवायची. दिपुओ ही तिच्या नवऱ्याची थोरली बहीण, एकसष्ट वर्षांची, लग्न न केलेली. घर तिच्याही बापाचं, त्यामुळं तिला कुणी पाहुणी म्हणू शकत नव्हतं आणि ती कुणाला मालकीण म्हणू देत नव्हती.

आणि घरात होता कोबो. आमच्या भाषेत कोबो म्हणजे घोंगडी. अजगराच्या जातीचा साप, हातभर लांबीपेक्षा थोडा मोठा, अंगावर तपकिरी-सोनेरी नक्षी, अगदी आमच्याकडच्या घोंगड्यांवर असते तशी. पिढ्यान्पिढ्या माणसांच्या घरात वाढलेल्या वंशातला. विष नाही, राग नाही, घाबरला की चेंडूसारखा गोळा होऊन डोकं मध्ये लपवायचा.

दिपुओला तो पहिल्या दिवसापासून नको होता. "लोक काय म्हणतील ठाऊक आहे का? मोसीदीनं शिलाई करून घराला नवं छप्पर घातलं, की सापानं आणून दिलं? ज्याच्या घरात साप, त्याच्या घरात काळ्या जादूचा पैसा, असंच म्हणतात. पडदा लाव त्या खिडकीला."

पडदा लागला. त्या खोलीत काचेची पेटी होती. पेटीच्या तळाखाली, फक्त एका बाजूला, एक सपाट हीटिंग पॅड. ती उबेची बाजू. दुसरी बाजू थंड ठेवलेली, म्हणजे कोबोला नको वाटलं की सरकता यावं. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. माझं बोट पेटीच्या आत, पॅडच्या बरोबर वर, तळाला चिमट्यानं बसवलेलं. चकती बत्तीसवर. मी भिंतीवर, आणि भिंतीच्या पलीकडं दिपुओची खाट.

"रात्रभर तो डबा टक् टक् करतोय," ती रोज सकाळी सांगायची. "माझ्या कानात बसून सुपारी फोडल्यासारखा."

जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडं ऐन हिवाळ्यात, पाकिसोला दक्षिणेकडं पवनचक्क्यांवर काम मिळालं आणि तो चार महिन्यांसाठी गेला. जाताना त्यानं एक कागद भिंतीवर चिकटवला. उबेची बाजू बत्तीस, थंड बाजू सव्वीस. दर रविवारी पाण्याचं भांडं धुवायचं. दोन आठवड्यांनी एक उंदीर, फ्रीजरमधून काढून, कोमट करून, चिमट्यानं. खोलीत हीटर किंवा उघडा दिवा आणायचा नाही. वीज गेली तर पेटीवर घोंगडं टाकायचं.

"आणि हा?" मोसीदीनं माझ्याकडं बोट दाखवलं.

"त्याला काही करायचं नाही, आई. तो कधी चुकत नाही."

माझ्या बोटाबद्दल कागदावर एक अक्षर नव्हतं.

मोसीदी सापाला भ्यायची. पण पोराची वस्तू म्हणून तिनं सगळं नेमानं केलं. रविवारी ती हातात शिवणकामाचे जाड मोजे घालून, तोंडानं देवाचं नाव घेत भांडं उचलायची. कोबो झोपलेला असला तरी ती त्याला सांगायची, "हलू नकोस हं, मी फक्त पाणी बदलतेय."

जुलैच्या शेवटच्या रविवारी भांडं उचलताना माझी वायर भांड्याच्या कडेला अडकली. तिला कळलं नाही. तिचं सगळं लक्ष कोबोच्या डोक्याकडं होतं. चिमटा सुटला, माझं बोट भांड्याबरोबर वर आलं, पेटीच्या काठावरून घसरलं आणि मागं, भिंत आणि पेटी यांच्या फटीत, सिमेंटच्या जमिनीवर जाऊन पडलं.

जमीन बर्फासारखी होती. बोट पडलं हे मला नंतर कळलं; तेव्हा वाटलं, कोबो गोठतोय.

मी 'टक्' करून वीज जोडली. वाट बघितली. बोट गारच. आणखी वाट बघितली. बोट गारच. मित्रांनो, मी स्वतःला संशयी म्हणवतो. पॅडवर संशय घेतला, विजेवर घेतला, खिडकीच्या फटीवर घेतला. स्वतःच्या बोटावर घेतला नाही. पाच दिवस मी वीज तोडली नाही. पॅड तापत गेलं, वरची काच तापत गेली, आणि खोली एवढी गार होती की कोबो उबेची बाजू सोडून जाईना. साप खालून भाजत असला तरी त्याला ते लवकर उमगत नाही. तो तिथंच पडून राहिला.

शुक्रवारी सकाळी तो काचेवर चढायला लागला. पोट काचेला टेकलं आणि मोसीदीनं बघितलं. पोटाचे खवले पांढऱ्याऐवजी तांबूस, दोन ठिकाणी पाणी भरलेले फोड.

तिनं पाकिसोला फोन लावून फोटो दाखवला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "भाजलाय तो, आई. चकती बघ. कितीवर आहे?"

"बत्तीसवर."

"बत्तीसवर असं होत नाही. आई, ऐक, बघ तिथं ते..." आणि तेवढ्यात फोन तुटला. घराची वीज गेली, मोबाइलच्या मनोऱ्याचीही गेली असावी.

मोसीदी माझ्यासमोर उभी राहिली. चकती बत्तीसवर. पोरगा म्हणतो बत्तीसवर असं होत नाही. म्हणजे चकती बत्तीसवर नव्हती. म्हणजे कुणीतरी फिरवली, आणि परत जागेवर आणून ठेवली. घरात माणसं दोन. एक ती स्वतः.

ती स्वयंपाकघरात गेली. दिपुओ चहा गाळत होती.

"वन्सं, तुम्ही त्या खोलीत गेला होता?"

"मी? त्या दोरीच्या खोलीत? कशाला, केस विंचरायला?"

"चकती कुणीतरी फिरवलीय. कोबो भाजलाय."

दिपुओनं गाळणी खाली ठेवली. "भाजलाय? कुठं?"

"तुम्हाला ठाऊक असेल कुठं."

मग दिपुओ म्हणाली, "मोसीदी, मला तो साप आवडत नाही, हे मी तोंडावर सांगते. माझ्या मटणाशेजारी उंदीर ठेवता, तेही आवडत नाही, तेही तोंडावर सांगते. चोरून चटके द्यायला मी काय मुकी आहे? आणि तुझा तो डबा आठवडाभर वाजलासुद्धा नाही. मला इतक्या दिवसांनी झोप लागली, मी कशाला त्याच्या वाटेला जाऊ?"

"वाजला नाही हे तुम्हालाच बरं कळलं!"

"माझ्या उशाशी भिंत आहे म्हणून कळलं!"

"की तुम्ही त्याला काहीतरी केलंत म्हणून कळलं?"

मित्रांनो, या घरात माझा आवाज ऐकणारं एकच माणूस होतं. तिनं खरी खूण सांगितली होती. तीच तिच्यावर उलटली. मोसीदीनं त्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली.

संध्याकाळी वीज आली. पाकिसोचा निरोप फोनवर येऊन पडला. 'आई, वायरचं टोक बघ. पेटीच्या आत, पॅडच्या वर आहे का?'

मोसीदीनं आत बघितलं. चिमटा रिकामा होता. तिनं वायर धरली आणि हळूहळू ओढत नेली, तसं माझं बोट पेटीच्या मागून धूळ आणि दोऱ्याचे तुकडे घेऊन तिच्या हातात आलं. गार. तिनं ते तळहातावर धरलं. मग तिची नजर पाण्याच्या भांड्याकडं गेली. तिला रविवार आठवला असणार, कारण ती मटकन खुर्चीवर बसली.

भिंतीपलीकडं दिपुओ खोकत होती.

मग मोसीदीनं उठून माझं बोट पुसलं, चिमट्यात बसवलं आणि फोनवर लिहिलं. लिहिताना ती पुटपुटते, म्हणून मला कळलं. 'जागेवरच आहे.'

थोड्या वेळानं उत्तर आलं, तेही तिनं पुटपुटत वाचलं. 'म्हणजे आत्या? खरंच?'

तिनं फोन पालथा ठेवला. मला बोटाला तापलेली काच लागली, इतकी की मी ताबडतोब 'टक्' केलं. पाच दिवसांनी. मी एवढंच करू शकत होतो. मला बोलता आलं असतं तर त्या भिंतीतून मी ओरडलो असतो.

शनिवारी दिपुओनं पाकिसोला तीनदा फोन केला. तो उचलत नव्हता. या पोराला तिनं पाठीवर बांधून मोठं केलं होतं. चौथ्यांदा तिनं लावला नाही. रविवारी तिच्या खोलीत कपाट उघडल्याचा, मग कपड्यांच्या पेटीचं झाकण दाबून बसवल्याचा आवाज आला. मोनोन्चा गावी तिच्या मावसभावाचं घर होतं. ती बुधवारी निघणार होती, असं तिनं मोसीदीला नाही, शेजारणीला सांगितलं, पण मोसीदीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

दोन दिवस दोघी एका चुलीवर दोन वेळा वेगळं रांधत होत्या. मोसीदी दिपुओच्या हातचा चहा घेईना. दिपुओ मोसीदीनं भरलेलं पाणी घेईना.

सापांवर इलाज करणारी डॉक्टर हॅरिस्मिथ गावी फक्त मंगळवारी बसायची. तिनं फोनवर सांगितलं होतं, गरम करायचं सगळं सामान घेऊन या. म्हणून पॅडबरोबर मलाही एका पिशवीत घातलं. कोबोला कापडी थैलीत, थैली पुठ्ठ्याच्या खोक्यात. मोसीदीनं खोकं उचललं आणि आत काहीतरी सरकलं तसं परत खाली ठेवलं. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं.

दिपुओ दारात उभी राहून बघत होती. तिनं कोट घातला, वर घोंगडी पांघरली. "दे इकडं. वाटेत घाबरून टाकशील, मग तेही माझ्याच माथी येईल."

तिनं रबरी पिशवीत गरम पाणी भरलं, टॉवेलात दोन वेढे गुंडाळलं आणि खोक्यात थैलीच्या शेजारी ठेवलं. मग मनगटाची आतली बाजू टॉवेलवर टेकवून थांबली. तिसरा वेढा घातला. पुन्हा मनगट टेकवलं. मगच झाकण लावलं. मोसीदी हे सगळं बघत होती, आणि पिशवीतून मीही.

आमच्याकडची टॅक्सी म्हणजे छोटी व्हॅन; तिच्यात पंधरा माणसं. दिपुओच्या मांडीवर खोकं, खोक्यावर मी. शेजारच्या लोकरी टोपीवाल्या माणसानं विचारलं, "काय आहे, मावशी?"

"केक."

"कसला?"

"लग्नाचा."

"अरे वा! कुणाचं लग्न?"

"माझं."

सगळी टॅक्सी हसली. मग खोकं हललं. तो माणूस हसायचा थांबला. "केक हलतोय."

"रस्ता बघ कसला आहे."

"रस्ता तर सरळ आहे."

"मग नवरा भित्रा आहे म्हणून केक थरथरतोय. तुला काय करायचंय? पुढं बघ." तो पुढं बघायला लागला, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून खोक्यावर नजर ठेवून. उरलेला सगळा रस्ता मागच्या बाकावर कुजबुज चालू होती. दिपुओनं दोन्ही हात झाकणावर दाबून धरले होते. ती भीत होती. सापाला भीत होती आणि तरी धरून बसली होती.

डॉक्टर स्वानेपूल ही एक उंच, कमी बोलणारी बाई. तिनं कोबोला टेबलावर घेतलं, पोट वर करून बघितलं, आणि नाकातून श्वास सोडला. "वरवर भाजलंय. खोल गेलं नाही. तुमचं नशीब, आणि याचंही." मग मला पिशवीतून काढलं. खोलीतल्या विजेला जोडलं. एका पेल्यात कोमट पाणी, पाण्यात माझं बोट, बोटाशेजारी तिचा थर्मामीटर. कारखान्यातल्या त्या मुलीसारखीच तीही माझ्याकडं बघत नव्हती. गरम पाणी थोडं थोडं घातलं. बत्तीसला मी 'टक्' केलं.

"यंत्र ठीक आहे," ती म्हणाली. "मग टोक कुठं होतं?"

मोसीदीनं रिकाम्या पिशवीची घडी घालायला घेतली.

"हे टोक," डॉक्टरीण माझं बोट वर धरून म्हणाली. "पॅडच्या वर नसणार. जागेवर असतं तर हे झालंच नसतं. कुठं होतं?"

दिपुओ पुढं झाली. "नाही हो, जागेवरच होतं. हिनं स्वतः बघितलंय. पोराला तसं लिहिलंसुद्धा."

"तुमची खात्री आहे?"

"माझी नाही, हिची. आमचं सध्या पटत नाही. ही माझ्यावर संशय घेते, घेऊ दे. पण मोसीदी खोटं बोलत नाही. तीस वर्षं एका घरात राहतोय आम्ही. तिनं म्हटलं जागेवर होतं, म्हणजे होतं. दुसरं काहीतरी बिघडलं असेल. नीट बघा तुम्ही."

पेल्यातलं पाणी निवत होतं. मला ते अंश अंश कळत होतं.

"मागं पडलं होतं," मोसीदी म्हणाली.

"काय?"

"टोक. पेटीच्या मागं, जमिनीवर. मी भांडं धुताना निघालं. शुक्रवारी मला सापडलं." ती डॉक्टरणीकडं बघून बोलत होती, कारण दुसरीकडं बघायची तिच्यात हिंमत नव्हती. "मीच भाजलं त्याला. आणि मी सांगितलं नाही."

दिपुओनं घोंगडीचं टोक खांद्यावर नीट केलं, आणि टेबलावर कोबो चेंडू होऊन बसला होता त्याच्याकडं बघत राहिली.

डॉक्टरणीनं पांढरं मलम दिलं. तळाला भुसा नको, साधा कागद घाला, रोज बदला. कात टाकेपर्यंत कळ काढा. मग ती मोसीदीला म्हणाली, "पॅडच्या वर एक वेगळा थर्मामीटर ठेवा, थंड बाजूला दुसरा. टोक हलणार नाही असं पक्कं बसवा, पण आत चिकटपट्टी नको, खवल्यांना चिकटते. आणि पेटीत काहीही हलवलं की शेवटी टोक कुठं आहे ते बघायचं. या डब्यावर विसंबू नका. याला फक्त आपल्या टोकाजवळचं कळतं."

मित्रांनो, पाच वर्षं कौतुक ऐकलेल्या मला हे लागायला हवं होतं. उलट मला हलकं वाटलं. माझ्याबद्दल पहिल्यांदाच कुणी खरं बोललं होतं.

टॅक्सीतळावर दोघी उभ्या होत्या. दिपुओनं विचारलं, "शुक्रवारी कधी सापडलं?"

"संध्याकाळी."

"मी खोकत होते तेव्हा?"

"हो."

"म्हणजे शनिवारी तो माझा फोन उचलत नव्हता, तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो, वन्सं."

"फोन काढ."

मोसीदीनं तिथंच, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या गाडीशेजारी, सगळ्या लोकांत, पाकिसोला फोन लावला आणि सांगितलं. एक शब्दही गाळला नाही. पलीकडून तो म्हणाला, आत्याला दे. मोसीदीनं फोन पुढं केला. दिपुओनं घेतला नाही.

"त्याला म्हणावं, आत्याचे हात अडकलेत. तुझा साप धरलाय."

ती बुधवारी मोनोन्चाला गेली. कबुली दिली म्हणून सगळं मिटत नाही. तीन आठवडे माझ्या भिंतीपलीकडं कुणी खोकलं नाही. मी टक् करत होतो आणि कुणी तक्रार करत नव्हतं. मोसीदी रोज कागद बदलायची, हातमोजे न घालता मलम लावायला शिकली, आणि रविवारी भांडं ठेवून झालं की माझ्या बोटाला हात लावून मोठ्यानं म्हणायची, "इथं आहे." कुणाला सांगत होती कोण जाणे.

ऑगस्टच्या शेवटी कोबोनं कात टाकली. त्याच सुमाराला दार वाजलं. दिपुओ कपड्यांची पेटी घेऊन उभी.

"मी तुझ्यासाठी आले नाही," ती म्हणाली. "आणि त्या दोरीसाठी तर मुळीच नाही. इथं माझी खोली आहे."

"चहा करू?"

"आधी मला ती खोली दाखव."

तिनं पिशवीतून दोन थर्मामीटर काढले. मोसीदीनं आणलेले दोन पेटीत होतेच. "ते तुझे," दिपुओ म्हणाली, "हे माझे." तिनं चारही शेजारी ठेवून ताडून बघितले, मगच आपले दोन आत ठेवले. मग हात आत घातला, अगदी काठाकाठानं, डोळे कोबोवर रोखून, आणि मनगट तळाला टेकवलं. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ ती बघायची, आणि ती गेली की मोसीदी येऊन परत बघायची. दोघींचा एकमेकींवर विश्वास बसायला फार दिवस लागले. माझ्यावर त्यांनी तो परत कधीच ठेवला नाही. कोबोच्या पोटावर दोन फिकट डाग राहिले, पण तो खात होता, वाढत होता, आणि संध्याकाळी थंड बाजूकडून उबेच्या बाजूकडं असा सावकाश सरकायचा की वाटावं, याला जगात कसलीच घाई नाही.

पुढं दोन हिवाळे गेले. मी थकलो. माझ्या पोटातला वीज जोडणारा पत्रा झिजला होता. एक दिवस बत्तीस झाले, मी वीज तोडायला गेलो आणि तुटेना. पत्रा चिकटला होता. तेहतीस, चौतीस. दिपुओ आली, थर्मामीटर बघितला, माझ्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. पत्रा सुटला. "बघ," ती मोसीदीला म्हणाली, "ऐकतो अजून."

आठवड्यानं पुन्हा तेच झालं. मोसीदी म्हणाली, "वन्सं, आता नवा आणू या." आणि दिपुओ, जिला माझा आवाज सहन होत नव्हता, ती म्हणाली, "कशाला? बिचाऱ्यानं काय केलंय? चूक आपली होती, त्याची नव्हती. राहू दे."

त्या वेळी मी जेवढा घाबरलो तेवढा त्या पाच दिवसांतही घाबरलो नव्हतो. तिला माझी दया आली होती. दया आली की माणसं तपासायचं सोडतात.

पण दिपुओनं तपासायचं सोडलं नाही. पाकिसो तेव्हाही कामासाठी बाहेरगावी होता; तो फोनवर म्हणाला, "आत्या, ठोकल्यावर चालतो तो थर्मोस्टॅट ठेवायचा नसतो." तिनं थोडा वेळ विचार केला, पॅडची वीज काढली, आणि स्वतःच्या हातानं मला भिंतीवरून उतरवलं. माझं बोट चिमट्यातून काढताना तिनं कोबोला सांगितलं, "हलू नकोस." मोसीदीनं आणलेल्या नव्या थर्मोस्टॅटचं बोट त्याच जागी बसवलं. नव्याला आकडे दाखवणारी खिडकी आहे, हिरवा दिवा आहे, तो आवाजही करत नाही. दिपुओ पहिले दोन दिवस खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसून होती. तिचा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. मला फार बरं वाटलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात ती बहुधा 'आम्हाला टाकू नका' असं म्हणायला. माझी विनवणी वेगळी आहे. आमच्यावर पाळत ठेवा. शेजारी दुसरा साक्षीदार ठेवा. आमचं बोट कुठं आहे ते रोज बघा, आणि आमचं वय झालं की माया न करता आम्हाला उतरवा. आम्ही कितीही इमानी असलो तरी आम्हाला फार थोडं कळतं. आणि ज्याच्यासाठी आम्हाला भिंतीवर टांगता, त्याला भाजलं तर तो तुम्हाला हाक मारणार नाही. सापाला ओरडता येत नाही. म्हणून पेटीत हात घाला, आणि स्वतःच्या मनगटाला विचारा.